मामांच्या घोडीची नाल

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या ना. कळलं का? खालच्या वळणावरच्या मामांनी घोडीची नाल काढून टाकली. चारही पायांची! कुणाच्या सांगण्यावरून? भाच्याच्या, दुसरं कोण. पुण्याहून आला, मोबाइलवर मंगोलियातली घोडी दाखवली, "बघा मामा, जन्मात नाल नाही, तरी कशी पळतात!" झालं. मामींनी परवापासून त्याला चहासुद्धा विचारलेला नाही.

तसं पोरगं अगदीच खोटं बोलत नाही हं. खूर म्हणजे आपलं नखच की. महिन्याला सेंटिमीटरभर वाढायचाच. मोकळं जनावर फिरून फिरून तो झिजवतं. नाल असली की झिजत नाही, म्हणून दीड महिन्यानं नालबंद हवाच. आमच्या सासऱ्यांची घोडी होती ना, तेव्हा मी ओसरीवरून बघत बसायचे. नालबंद घोडीकडे पाठ करून पाय मांडीत घ्यायचा, वाढलेला खूर तासायचा, आणि खिळा असा तिरका मारायचा की टोक बाहेरच्या अंगानं निघावं. मग टोक मोडायचं, वर कानस. घोडी ढिम्म! पण खिळा जरा आत गेला, की लंगडलीच. बैलाला पत्री मारायची तर आडवा पाडावा लागतो. ही बापडी तीन पायांवर उभी.

पण तिकडे मंगोलियात गवताळ माळ, वहिनी. आपल्या माथेरानात गाडीला बंदी, म्हणून पाहुणे घोड्यावर, सामान घोड्यावर. गाड्या थांबतात त्या दस्तुरीपासून दिवसाला किती खेपा! जांभ्याच्या खड्यांवर खूर वाढायच्या आधीच झिजून जायचा. पावसाळ्यात तर ओलीनं मऊ पडतो. हां, पेव्हर ब्लॉकचे ठोकळे बसवलेल्या रस्त्याचं म्हणाल तर तिथे लोखंडच घसरतं. घोडेवाले उगाच नाही ओरडले, प्रकरण पार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे उघडा खूर बरा, हे मीही म्हणेन.

मामांचं चुकलं ते वेळेत. दिवाळीचा सीझन तोंडावर आणि आता उपटली नाल! वर्षानुवर्षं नालेत राहिलेला पाय, तो घट्ट व्हायला महिने जातात. काल मी पाहिलं, अंगणातल्या खडीवर घोडी अशी पाय उचलत होती, जसे आपण मे महिन्यात गच्चीवर पापड उचलायला जातो. नालबंदाचे पैसे वाचले खरे, पण दाण्याचे कुठून आणणार? भाचा म्हणतो, घोड्याचे रबरी बूट मिळतात, मागवू या. त्यावर मामी काय म्हणाल्या ठाऊक आहे? "आधी माझ्या चपलेचा अंगठा शिवून आणा!"

आणि हो, ती निघालेली नाल. दोन दाराला ठोकल्या, एक मुंबईच्या पाहुण्यांना विकलीसुद्धा. चौथी मी मागून ठेवलीय. तुम्हाला हवी होती का?