डोळा, कान, नाक आणि कांदेपोहे

माणसाला माणूस आवडतो तेव्हा पहिला कौल डोळे, कान आणि नाक देतात. पत्रिका, पगार आणि पुण्यातला फ्लॅट नंतर येतात. महाराष्ट्रात या तिन्ही इंद्रियांची परीक्षा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात एकाच बैठकीत उरकली जाते. बैठकीची व्यवस्था मात्र अशी असते, की एकाही इंद्रियाला धड काम करता येऊ नये.

मुलगी पाहून परतताना रिक्षात ठरलेला शेरा ऐकू येतो : ‘चारचौघींसारखी आहे.’ हा नकार समजला जातो. शास्त्राच्या दृष्टीने ती प्रशस्ती आहे. १८७८ च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टन यांनी गुन्हेगारांची छायाचित्रे एकमेकांवर चढवून अट्टल गुन्हेगाराचा अस्सल चेहरा शोधू पाहिला. हाती आला तो मूळ मंडळींपेक्षा बराच देखणा गृहस्थ. १९९० मध्ये लँगलॉइस आणि रॉगमन यांनी तोच उद्योग संगणकावर केला, तेव्हा ३२ चेहऱ्यांची सरासरी लोकांना बहुतेक सुट्या चेहऱ्यांहून अधिक आवडली. चारचौघींसारखी मुलगी नाकारणाऱ्यांनी उरलेल्या अठ्ठावीसजणींची वाट पाहायला हवी होती.

आवडते काही दिसले की डोळ्यांतली बाहुली रुंदावते. एकहार्ड हेस यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या प्रयोगात पुरुषांना एकाच तरुणीचे दोन फोटो दाखवले होते. एकात बाहुल्या रंगवून मोठ्या केलेल्या. त्या फोटोसमोर पुरुषांच्या बाहुल्या अधिक पसरल्या, पण दोन फोटोंत फरक काय, हे बहुतेकांना सांगता आले नाही. इटलीतल्या स्त्रिया पूर्वी याचसाठी डोळ्यांत बेलाडोनाचे थेंब घालत. त्या थेंबांनी जवळचे अंधुक दिसते, म्हणजे समोरचा गृहस्थही खपून जात असावा. कांदेपोह्यांच्या वेळी मुलगी बशीकडे पाहते आणि मुलगा छताच्या पंख्याकडे, त्यामुळे बाहुल्या कोणासाठी रुंदावल्या याचा निवाडा होत नाही.

कानाचे प्रकरण थोडक्यात आटोपते. वयात येताना मुलांच्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते आणि आवाज खाली उतरतो. सारा कॉलिन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डच पुरुषांचे नुसते आवाज बायकांना ऐकवले. खर्जातला आवाज म्हणजे पीळदार शरीर आणि केसाळ छाती, यावर बायकांचे चटकन एकमत झाले. ते एकमत जवळजवळ सर्वच बाबतींत चुकले. खरा ठरला तो फक्त वजनाचा अंदाज. आपल्याकडे बैठकीत बोलतो तो मुलाचा मामा, तेव्हा खर्ज कोणाचा ऐकून होकार दिला जातो हे उघड आहे.

नाकावर मात्र सर्वांत जास्त शाई खर्ची पडली आहे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. तो काखेतले जिवाणू तयार करतात. बर्नमध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ पुरुषांना दोन रात्री एकच सुती टी-शर्ट घालून झोपवले आणि ते सदरे ४९ स्त्रियांकडून हुंगवून घेतले. १९९५ मध्ये निष्कर्ष आला : ज्याची रोगप्रतिकारक जनुके आपल्याहून वेगळी, त्याचा वास स्त्रीला जास्त रुचतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचा कल नेमका उलटा. सगोत्र टाळण्याचे जे काम भटजी पंचांग उघडून करत आले, ते नाक परस्पर करते म्हणायचे. (मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या घराण्यांचे नाक तेव्हा कुठे होते, हा प्रश्न उरतोच.) नंतरच्या प्रयोगांनी या निष्कर्षाला कधी दुजोरा दिला, कधी नाही.

१९५९ मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंग खर्ची घालून मादीचे मोहिनीद्रव्य वेगळे केले. माणसात असे एकही द्रव्य अजून सिद्ध झालेले नाही. बाजारात मात्र त्याच्या बाटल्या मिळतात. त्यापेक्षा मोगऱ्याचा गजरा स्वस्त, जरी त्याच्या सुगंधात विष्ठेत सापडणारे इंडोल अल्प प्रमाणात असले तरी.

कांदेपोह्यांच्या घरात हिंग-मोहरीची फोडणी आधीच दारापर्यंत पोचलेली असते, म्हणून तिथे नाकाचा प्रयोग करता येत नाही. लसणाच्या चटणीची मात्र धास्ती नको. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ ग्रॅम लसूण खाल्लेल्या पुरुषांच्या काखेचा वास स्त्रियांना अधिक बरा वाटला. त्यांच्या तोंडाचा वास त्या अभ्यासाचा विषय नव्हता.