दुसऱ्याच्या हद्दीतली शिट्टी

शाळेतली पोरं त्यांना शिट्टीसर म्हणतात. नगरच्या वाडिया पार्कवर बास्केटबॉलचा सामना असो की एखाद्या शाळेच्या मातीच्या मैदानावर, सरांची शिट्टी स्वतःच्या गळ्यात असते आणि नजर जोडीदाराच्या हद्दीत.

मैदान २८ बाय १५ मीटरचं, पंच दोन. लीडनं बास्केटखालच्या शेवटच्या रेषेवर राहून तिथली ढकलाढकली बघायची, ट्रेलनं मागून येत उडालेला चेंडू आणि रिंग सांभाळायची. दोघंही चेंडूकडेच बघत बसले तर बाकीच्या नऊ खेळाडूंची चंगळ, म्हणून ही वाटणी. सर नव्या पंचांना ती फार छान समजावतात. सामना सुरू झाला की विसरतात.

ट्रेलला उभे असताना रिंगखाली कुणी स्वच्छ ब्लॉक केला, तर लीड हाताच्या अंतरावर शांत असतो आणि सर लांबून ‘फुर्रर्र’! त्यांना दिसलेली असते फक्त बचाव करणाऱ्याची पाठ. विचारलं तर म्हणतात, “आवाज आला ना!” हात चेंडूवर पडला तरी आवाज येतोच, हे त्यांना कोण सांगणार? जोडीदाराने त्याच्या कामात दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाने फिरवायचा नाही, असा नियम आहे. त्यावर सरांचं उत्तर तयार असतं : “मी फिरवतो कुठे? मी आधीच देतो.”

आता, दुसऱ्याच्या हद्दीत कधी फुंकूच नये असंही नाही. लीडसमोर दोन धिप्पाड पाठी आडव्या आल्या आणि पलीकडे कुणाचं कोपर कुणाच्या नाकावर बसलं, तर गप्प राहणारा ट्रेल कामचुकारच. क्षणभर थांबावं, जोडीदाराची शिट्टी येते का बघावं. नाही आली आणि आपण स्वतः लख्ख पाहिलं असेल, तर बेलाशक फुंकावी. सरही क्षणभर थांबतात. श्वास घ्यायला.

एकदा सर सहल घेऊन हिवरे बाजारला गेले. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामसभेच्या जोरावर पर्जन्यछायेतल्या या गावाचं रूप पालटलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, शेतीसाठी बोअर नाही. पाऊस मोजायचा, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. अशा गावात बाहेरच्या पंचाला काम काय? पण सरांनी ते शोधलं. पाण्याच्या ताळेबंदाच्या फळ्यापुढे उभं राहून बेरीज तपासली. बरोबर निघाली, तेव्हा अक्षर तपासलं. पर्जन्यमापक जरा डावीकडे हवा होता, असं मत दिलं. हिरव्या डोंगराकडे बोट करून, “इथे कुणी चोरून झाड तोडलं तर तुम्हाला कसं कळतं?” असं पारावरच्या आजींना दरडावून विचारलं.

आजींनी शांतपणे त्यांच्या मागे बोट दाखवलं. “गुरुजी, आमचं राहू द्या. तुमच्या पोरानं फांदी मोडली, ते बघा आधी.”

मागे सातवीतला एक पोरगा करंजाची फांदी तलवारीसारखी फिरवत होता. त्याच्याकडे सोडून सरांचं सगळीकडे लक्ष होतं. सरांनी शिट्टी तोंडात धरली, पोराकडे पाहिलं, आणि फुंकण्याऐवजी आजींना सांगितलं, “फांदी वाळलेली असावी.” हद्द स्वतःची असली की सर असे संशयाचा फायदा देतात.

मैदानातही हेच होतं. सर लीडच्या पुढ्यातला फाऊल धरत असतात, तेवढ्यात त्यांच्याच पायाशी एखादा बाजूच्या रेषेवर पाय देऊन सुखरूप निघून जातो. तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्यांना एकच विनंती : तिसऱ्या पंचाचं मानधन परवडत असेल, तर जरूर नेमा. पण त्याला मैदानाचा कुठलाही भाग देऊ नका, सर द्या.