आधी कनेक्टर दाखव

रिमोटची गाडी आणली म्हटलं की लोक विचारतात, केवढ्याला पडली, पळते किती? खामगावचे आमचे काका म्हणतात, "गाडी मंग पाहू. आधी कनेक्टर दाखव."

काका एसटीतून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले. निम्मे बिघाड इंजिनात नसतात, ढिल्या जोडात असतात, हा सिद्धांत त्यांनी डेपोत टर्मिनलं घासता घासता काढला. संसाराचंही तेच, असं काकू म्हणतात. पण त्यांचा रोख वेगळा असतो.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत काकांचा बॅटरी जोडायच्या कनेक्टरांचा खजिना आहे. पांढरा टामिया काढून ते म्हणतात, "हा म्हातारा. निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिपो बॅटरीचा करंट गेला का याले ताप भरते." लाल डीन्स करंटला चांगला, पण घामेजल्या हातानं उपसत नाही. निळ्या ईसी-थ्रीबद्दल ते फक्त "चालते" एवढंच बोलतात. मग पिवळा एक्सटी-साठ निघतो आणि काकांचा आवाज मऊ होतो. साठ अँपिअरपर्यंत, आत साडेतीन मिलिमीटरच्या सोनेरी पिना, एका बाजूचे कोपरे छाटलेले. "अंधारात लावला तरी उलटा बसत नाही!" गाव चांदीसाठी नावाजलेलं, लोक सराफ्यात जाऊन चांदीचा कस पाहतात, काका भिंग लावून पिवळ्या प्लास्टिकवर 'अमास' ही अक्षरं शोधतात. नाही सापडली तर माल नकली.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा पुण्याहून गाडी घेऊन आला. गाडीला डीन्स, नव्या बॅटरीला एक्सटी-साठ. बिचाऱ्यानं मधे लावायचा अ‍ॅडॉप्टर मागितला.

"जोडाले जोड? करंट कायले मारतं बे?"

झालं. सोल्डरिंग गन तापायला लागली आणि काकांनी कूलर बंद केला. वाऱ्यानं टोक थंड होतं म्हणे. खामगावचा मे, दुपारचे तीन, आणि बंद कूलर! काकू पदरानं वारा घेत स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना किती वेळ लागणार ते ठाऊक होतं. पुढे मंत्रासारखे नियम सुरू झाले. बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत, कात्रीतच शॉर्ट होतं. बॅटरीच्या बाजूला कायम फिमेल, म्हणजे पिना उघड्या राहत नाहीत. डाख देताना समोरचा जोडीदार खोचून ठेवायचा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात. सगळं खरं, सगळं शहाणपणाचं. जोड आरशासारखा चकाकला. मग काकांनी नुसतं "हं" केलं.

वायरीवर आधी सरकवायची हीट श्रिंकची नळी टेबलावर तशीच पडली होती. ती दर वेळी तशीच पडलेली असते. पुन्हा डाख सोडवा, पुन्हा घाम.

उन्हं कलल्यावर अंगणात गाडी सुटली. पोरं ओरडत मागे धावली. काकांनी दोनच फेऱ्यांत ती परत बोलावली, वाकून कनेक्टरला बोटाची मागची बाजू लावली आणि म्हणाले, "थंड हाय." गाडी पळते कशी, हे त्यांनी अजूनही पाहिलेलं नाही.

आता त्यांची नजर फवारणीच्या बॅटरी पंपांवर गेली आहे. शेजारच्या एका शेतकऱ्याचा पंप त्यांनी हौसेनं सुधारून दिला: आतला जोड पिवळा, चार्जिंगची पिनही पिवळी, चार्जरही तसाच, पैसे नाहीत. ऐन सोयाबीनच्या फवारणीत त्याचा चार्जर जळाला. गल्लीत चार पंप, चार चार्जर, पण एकही लागेना. तो पंप पाठीवर घेऊनच दारात आला.

"काका, आता याले कुठून चार्ज करू?"

"त्या चौघायले घेऊन ये," काका कूलरकडे हात नेत म्हणाले. "त्यायचेही बदलून देतो."