कथलाचा वैभवकाळ, दुपारी दीड ते तीन

फुकेतच्या सहलीत जुन्या शहराचा नंबर कायम शेवटचा. आधी फी फी बेटं, मग पातोंगचा किनारा, मग वाट चालोंगचं देऊळ आणि त्यानंतर काजूचा कारखाना. हा कारखाना सहसा कुठल्या ग्रुप टूरमधून सुटत नाही. त्यामुळे वेंगुर्ल्याहून आलेल्या काकूंनाही काजू कसा फोडतात याचं प्रात्यक्षिक उभं राहून बघावं लागतं. काकू ते शेवटपर्यंत बघतात, फोडणाऱ्या बाईच्या हाताला मनातल्या मनात गुण देतात आणि "बोंडांचं काय करता?" एवढंच विचारतात. उत्तरादाखल कागदी पेल्यातून बोंडांचा रस येतो. "मीठ हवं होतं," असा शेरा मारून त्या बसमध्ये चढतात. यानंतर दुपारची जी वेळ उरते, ती जुन्या शहराच्या वाट्याला. उष्ण कटिबंधातल्या बेटावर ज्या वेळी कुत्रंही रस्त्यावर येत नाही, नेमकी ती.

थलांग रस्त्यावर उतरताच पिस्ता, गुलाबी, लिंबू अशा रंगांची घरं दिसतात आणि बसमधल्या कुणीतरी "अगदी गोवा!" म्हणतंच. गाइडही या शैलीला सायनो-पोर्तुगीज म्हणून मोकळा होतो. पण पोर्तुगीजांनी फुकेतवर राज्य केलं नाही. ते इथे आले ते कथलाच्या व्यापाराला. ही घरं उठवली ती कथलाच्या खाणींमागे आलेल्या होक्कियन चिन्यांनी, आणि नमुना उचलला तो इंग्रजांच्या पेनांगमधून. कमानी आणि गिलाव्यातली वेलबुट्टी युरोपातली, दरवाजांवरची अक्षरं चिनी, आणि पैसा सगळा जमिनीखालचा.

समोरून घर एवढंसं, पण आत शिरलं की संपता संपत नाही. मध्ये उघडा चौक. तिथून ऊन येतं, वारा येतो, पाऊसही येतो. आता यांतली बरीच घरं कॉफीची दुकानं झाली आहेत, त्यामुळे चौक बघायचा तर आधी कॉफी घ्यावी लागते. काका पुण्याचे जावई. वाडे पाडून झाल्यावर वाड्यांविषयी बोलायची सवय त्यांना सासुरवाडीकडून लागलेली. चौकात उभं राहून ते "हे आपल्याकडे राहिलं नाही" म्हणतात, मग कॉफीची किंमत रुपयांत काढतात आणि गप्प होतात.

घरांच्या पुढे कमानींखालून जाणारा पाच फुटी मार्ग आहे. १८२२ मध्ये सिंगापूरची आखणी करताना इंग्रज अधिकारी रॅफल्सने प्रत्येक घरापुढे असा छताखालचा रस्ता सक्तीचा केला. चालणाऱ्याला ऊन लागू नये, पावसात भिजायला होऊ नये, हा हेतू. ती पद्धत मलायातून इथे पोचली. आज थलांग रस्त्यावरच्या या मार्गात चालणाऱ्याखेरीज सगळं आहे: स्कूटर, कुंड्या, कपड्यांचे स्टँड, नूडल्सवाल्याची टेबलं, आणि ऐन मध्यावर पाय पसरून झोपलेलं मांजर. सगळेजण मुकाट्याने रस्त्यावर उतरतात आणि भर उन्हातून चालत सावलीची वाखाणणी करतात. पुणेकर पर्यटकाला परदेशात इतकं घरच्यासारखं क्वचितच वाटत असेल.

सोई रोमानी ही इथली सर्वांत देखणी गल्ली. गुलाबी भिंती, कागदी कंदील, आणि लग्नाआधीचं फोटोशूट करायला आलेली जोडपी. काकूंनी जाळीच्या खिडकीपाशी उभं राहून फोटो काढला आणि "किती प्रसन्न गल्ली!" असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर गाइडने इतिहास सांगितला. खाणकामगारांची मजुरी जिथे संपायची ती हीच जागा: वेश्यावस्ती, जुगार, अफूचे अड्डे. फोटो मागे घ्यायला उशीर झाला होता. बदलापूरच्या आत्याबाईंचा नमस्कार येऊन पोचला होता.

ऑन ऑन हॉटेलचंही असंच. १९२९ मध्ये उघडलं तेव्हा ते बेटावरचं बडं प्रस्थ होतं. पुढे इतकं कळकट झालं की २००० साली आलेल्या 'द बीच' या हॉलिवूडच्या सिनेमाला बँकॉकमधली भिकार लॉज दाखवायची होती, तर ते इथे आले. नायक लिओनार्दो डिकॅप्रिओ. रंग न काढल्याबद्दल इतकं मोठं बक्षीस जगात दुसऱ्या कुणा हॉटेलमालकाला मिळालं नसावं. प्रसिद्धी मिळाल्यावर मात्र मालकांनी ते चकचकीत करून घेतलं.

१९८५ मध्ये कथलाचा भाव कोसळला. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, प्रदूषणाच्या भीतीने भडकलेल्या जमावाने टँटलम या धातूचा नवा कारखाना सुरू होण्याआधीच जाळला. त्यानंतर बेटाने पर्यटनाचा हात घट्ट धरला, पण पैसा धावला तो किनाऱ्याकडे. जुन्या शहरात पाडून नवं बांधावं एवढी निकड फारशा कुणाला नव्हती. हे शहर देखणं राहिलं ते जतनाच्या प्रेमाने कमी आणि बिल्डरच्या दुर्लक्षाने जास्त, असं म्हणायला जागा आहे.

शेवटी रानोंग रस्त्याजवळचं जुई तुई देऊळ. फुकेतचा शाकाहारी उत्सव इथे मोठा. १८२५ मध्ये खाणकामगारांसाठी आलेली चिनी नाटकमंडळी आजारी पडली, नेमधर्म पाळून बरी झाली आणि तेव्हापासून हा उत्सव सुरू झाला, अशी कथा. नऊ दिवस मांस नाही, दारू नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. काकूंचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला. आठवडाभर त्यांनी प्रत्येक ताटलीतून कोळंबी वेचून बाजूला काढली होती. मग गाइडने मोबाइलवर फोटो दाखवले: अंगात आलेले भक्त, गालातून आरपार गेलेल्या सळया, एकाच्या गालात तर चक्क तलवार.

"बगाडाला आपल्याकडे कमी असतं का?" काका म्हणाले. "येऊ की मग. कधी असतो?"

चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे बऱ्याचदा शारदीय नवरात्राच्या सुमारास, असा हिशेब टूर मॅनेजरने लावून दिला.

"वा! आणि घरचे घट कोण बसवणार, आत्याबाई?" काकू म्हणाल्या आणि बसकडे निघाल्या.