भाचेबुवांचा शून्य कचरा

कचरा करायचा नाही असं ठरवायला माणसाकडे बऱ्यापैकी पैसे असावे लागतात, हे आमच्या भाचेबुवांना पुण्यात आल्यावर समजलं. पोरगं तासगावकडचं, इथे इंजिनिअरिंगला, राहायला पेठेत कॉट बेसिसवर. गावी असताना कचऱ्याशी त्याचा संबंध घरामागच्या उकिरड्यापुरता. पुण्यात कॉलेजच्या ग्रीन क्लबचं एक व्याख्यान ऐकलं आणि थेट आमच्या दारात येऊन उभं राहिलं. "मामा, आजपासून मी झीरो वेस्ट." आम्हाला वाटलं, गणितात गेला.

तसं नव्हतं. पृथ्वी वाचवायची होती. त्यासाठी लागणारं सामान ऑनलाइन मागवलं होतं आणि रूमवर दिवसभर कुणी नसतं म्हणून पत्ता आमचा दिला होता. पुढच्या काही दिवसांत दाराची बेल इतक्या वेळा वाजली की समोरच्यांना आमच्याकडे कार्य निघालंय असं वाटलं. खोक्यात खोकं, त्यात बुडबुड्यांचं प्लास्टिक, त्यात कागदाचा भुसा आणि भुशात एक काथ्याची घासणी. बुडबुडे आमच्या मातोश्रींनी ताब्यात घेतले आणि संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी एकेक करून फोडले. सगळ्या खरेदीत एवढी एकच वस्तू घरात पुरेपूर वापरली गेली.

घासणीच्या मागोमाग करवंटीची वाटी आली, स्टीलची स्ट्रॉ आली, त्या स्ट्रॉच्या आत फिरवायचा बारकासा ब्रश आला आणि बांबूचा टूथब्रश आला. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे स्टीलची स्ट्रॉ काळाला धरून आहे हे मान्य. पण भाचेबुवा ती खिशात घालून रसवंतीवर गेले. रसवंतीवाल्याने काचेचा ग्लास पुढे केला. त्याच्या बापानेही कधी कुणाला स्ट्रॉ दिली नव्हती. एवढी आणलीच आहे म्हणून भाचेबुवांनी ती ग्लासात घातली. आलं अडकलं.

बांबूच्या टूथब्रशची कथा वेगळी. दांडी बांबूची, केस मात्र नायलॉनचे. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की ब्रश झिजल्यावर केस पकडीने उपटून वेगळे टाकावेत आणि दांडी मातीत पुरावी. भाड्याच्या खोलीत चौथ्या मजल्यावर माती कुठून आणायची, याबद्दल चिठ्ठी गप्प होती. मातोश्रींनी ब्रश उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "आम्ही आयुष्यभर राखुंडी लावली." भाचेबुवांचे डोळे चमकले. आजी, हेच तर! आपल्या पूर्वजांचं शहाणपण! त्यावर मातोश्रींनी तोंडातली कवळी काढून दाखवली. ॲक्रिलिकची.

पूर्वीची माणसं पर्यावरणवादी होती ही अफवा कुणी पसरवली कोण जाणे. त्यांच्याकडे टाकायला काही नव्हतं, हे खरं. जुन्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडीची पायपुसणी झाली, त्यामागे ओझोनच्या थराची काळजी नव्हती. प्लास्टिकचं पहिलं आणि सगळ्यांत जोरदार स्वागत केलं ते बायकांनीच, आणि त्याला कारण होतं. पितळेची घागर रिकामी असतानाच खांदा मोडते. प्लास्टिकची आली आणि तेवढं ओझं डोक्यावरून उतरलं. मातोश्री आजही म्हणतात, "ज्याने ती घागर काढली त्याचं भलं होवो." भाचेबुवांना हे वाक्य त्यांच्या रीलमध्ये घ्यायचं नव्हतं. त्यांनी राखुंडीपर्यंतचं ठेवलं आणि कवळीच्या आधी कापलं.

मग कापडी पिशव्यांचं प्रकरण. हल्ली लग्नात आहेराच्या बदल्यात कापडी पिशवी देतात, वर 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' छापलेली, खाली 'प्लास्टिक टाळा'. आमच्या कपाटात अशा पिशव्यांची चळत आहे. भाचेबुवांना त्या जुन्या वाटल्या, म्हणून त्यांनी सेंद्रिय कापसाची एक नवी घेतली. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली सगळ्या पिशव्यांचा हिशेब मांडला होता. सुपरमार्केटमधल्या प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायची तर सेंद्रिय कापसाची पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशेबात १४९ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर २०,००० वेळा. म्हणजे रोज एकदा भाजीला गेलं तरी ५४ वर्षं. कापूस पिकवणं, धुणं, रंगवणं हे फुकट होत नाही. अर्थात ओढ्यानाल्यांत तुंबणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब त्या अहवालात नव्हता, तेव्हा 'बघा, आम्ही म्हणतच होतो' असं म्हणून कुणी उड्या मारायचं कारण नाही. मुद्दा एवढाच की आहे ती पिशवी वापरावी. आमच्या चळतीतल्या एका जोडप्याचा तर घटस्फोटही झाला. पिशवीच्या १४९ फेऱ्या व्हायच्या आत.

हे सगळं भाचेबुवा शिकले कुठे? कॉलेजात. कॉलेजांना दोष देता येत नाही, कारण पर्यावरण हा विषय शिकवा असं सर्वोच्च न्यायालयानेच १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं. तेव्हापासून होता होता तो पदवीला सक्तीचा झाला, आणि सक्तीचा झाला की प्रोजेक्ट आलंच. 'आपल्या परिसरातील घनकचरा: एक अभ्यास.' हे प्रोजेक्ट भाचेबुवांना सीनियरने दिलं. सीनियरला त्याच्या सीनियरने दिलं होतं. परिसर बदलला, नगरसेवक बदलले, घनकचरा तोच राहिला. फक्त मुखपृष्ठावरचं नाव दरवर्षी नवं. कॉलेजात काटेकोरपणे पुनर्वापर होणारी ही एकमेव वस्तू असावी, आणि तिला नेमकं कुणी बक्षीस देत नाही.

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मात्र कॉपी चालत नाही. भाचेबुवांच्या गटाचा विषय आहे, कागदाची नासाडी थांबवणारं ॲप. त्याचा अहवाल द्यायचा तो असा: चार प्रती, जाड पांढरा कागद, छपाई एकाच बाजूला, काळं रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. एका मुलाने पाठपोट छापून आणला तर सरांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "नियम आहे," म्हणाले. हे काळे ग्रंथ विभागाच्या कपाटात उभे राहतात. कपाट भरलं की रद्दीत जातात, पण सोनेरी अक्षरांच्या त्या पुठ्ठ्याला रद्दीवाला भाव देत नाही. फाडून घेतो, आतल्या कागदाचं वजन करतो.

ग्रीन क्लबच्या समारोपाला आम्हालाही बोलावणं होतं. प्रवेशद्वारावर फ्लेक्स: 'प्लास्टिकला नाही म्हणा.' फ्लेक्स ज्याचा बनतो ते पीव्हीसी, म्हणजे फलक स्वतःच्याच नावाने बोंबलत होता. पाहुण्यांना सेलोफेनमधला गुच्छ आणि ॲक्रिलिकचं स्मृतिचिन्ह. समोर दोनशे मिलीच्या पाण्याच्या बाटल्या. पाहुणे दोन घोट घेतात आणि भाषणाच्या भरात तीच बाटली आपली की शेजारच्याची हे विसरून नवी फोडतात. भाचेबुवांना प्रमाणपत्र मिळालं. लॅमिनेट केलेलं, म्हणजे आता ते सात जन्म कुजणार नाही. या सगळ्याचे फोटो कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'च्या फायलीत लागतात. हरित लेखापरीक्षण नावाचा तिथे एक रकाना असतो आणि रकाना भरला की झाडं आपोआप डोलू लागतात. आमची सोसायटीही काही कमी नाही. गांडूळखत केलं की पुणे महापालिका मिळकतकरात सूट देते, म्हणून आमच्याकडेही गांडूळखत प्रकल्प आहे. गांडुळं फायलीत आहेत.

पुण्यातला कचरा खरोखर कोण कमी करतं, हे भाचेबुवांना कळलं ते आमच्या जिन्यात. शहराचा कचरा दिवसाला दोन हजार टनांच्या वर. तो वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उरावर नेऊन टाकला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपल्या बादलीत काय असतं ते बघावंसं वाटलं. ते आधीपासून बघत होत्या कचरावेचक बायका. १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन या बायका हक्काने दारोदार येऊ लागल्या. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना महिन्याचे पैसे देताना सोसायटीत दर वेळी चर्चा होते. तेवढ्या पैशात बांबूचा ब्रशही येत नाही, पण चर्चा होते.

तर भाचेबुवा ताईंना ओला आणि सुका यातला फरक समजावून सांगत होते. ताईंनी ऐकून घेतलं. मग भाचेबुवांच्या हातातला कॉफीचा पारदर्शक ग्लास घेतला, अंगठ्याने दाबला, नखाने टिचकी मारून कानाशी धरला.

"हे काय?"

"कंपोस्टेबल आहे ताई. मक्यापासून करतात. मातीत विरघळतं."

"कुठल्या मातीत?"

भाचेबुवांनी फोन काढला. त्या ग्लासाला विरघळायला साठ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, ते कारखान्यातल्या खतभट्टीत मिळतं, गॅलरीतल्या कुंडीत नाही. ताईंना अंश ठाऊक नव्हते, भंगाराचं गणित ठाऊक होतं. "दिसायला बाटलीसारखं, पण बाटली नाही. बाटल्यांच्या गोणीत हे गेलं तर भंगारवाला सगळ्या गोणीचा भाव पाडतो." मग गोणीतून एकेक वस्तू काढून त्यांनी भाचेबुवांचा वर्ग घेतला. पुठ्ठा जातो, बाटली जाते, दुधाची पिशवी धुतलेली असेल तर चांगली जाते. वेफर्सचं चकचकीत पाकीट कोण घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि चांदी एकाला एक चिकटलेली. "आणि ही," असं म्हणून त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत एक पिशवी धरली, "ही तुम्हा मेसवाल्या पोरांची."

आमटीची पिशवी होती. मेसचं पार्सल ज्यांनी घेतलंय त्यांना ती वेगळी सांगायला नको. उकळती आमटी पातळ पिशवीत ओततात, पिशवीच्या मानेला दोन पीळ देतात आणि अशी गाठ मारतात की ती सुटत म्हणून नाही. दातांनी तोडावी लागते आणि पहिला घोट शर्टाला जातो. तळाशी बोटभर आमटी उरते, ती पिशवीसकट टोपलीत. आता ती ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरांची अशी रोजची माळ निघते आणि ती ताईंच्या अंगावर सांडते. अशा पिशव्यांवर राज्याने २३ मार्च २०१८ रोजी बंदी घातली. त्याच वर्षी २३ जूनपासून पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. सुरुवातीला भाजीवाल्यांनी पिशव्या गाडीखाली दडवल्या, मग हळूहळू परत वर आणल्या. मेसमध्ये त्या दडवाव्या लागल्याच नाहीत. आमटी भरलेली पिशवी ही पिशवी आहे असं कुणी मानतच नाही.

भाचेबुवा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉटखालच्या ट्रंकेतून आईने दिलेला स्टीलचा डबा निघाला. ग्रीन क्लबच्या यादीत नव्हता, कारण तो विकत मिळत नव्हता. त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं होतं. मेसच्या मावशींनी डबा पाहिला. पिशवीत मावते तेवढी आमटी डब्यात ओतली, तर ती अर्ध्यावरच आली. मावशींना ते बरं दिसेना. कोल्हापूरकडच्या बाईला अर्धा भरलेला डबा परत देणं जमत नाही. त्यांनी वर आणखी एक पळी घातली आणि तरी थोडी रिकामी जागा होती म्हणून दोन बटाटे.

ही बातमी पेठेत पसरायला व्याख्यान लागलं नाही. आठवड्याभरात पार्सलच्या रांगेत डबेच डबे. जी पोरं 'पृथ्वी वगैरे नंतर बघू' म्हणायची ती किटल्या घेऊन उभी. एकाने गावाहून पाच लिटरची बरणी मागवली. एक स्पर्धा परीक्षावाला कुकरच घेऊन आला, शिट्टीसकट. पिशव्यांचं बंडल खिळ्यावर धूळ खात पडलं. ग्रीन क्लबचे सेक्रेटरी फोटो काढायला आले आणि मावशींच्या सत्कारासाठी फ्लेक्सचा मजकूर मागून गेले.

मावशींनी मात्र तुरीच्या डाळीचा हिशेब केला. सोमवारी खिडकीवर खडूने लिहिलेली पाटी लागली: 'भांडं कोणतंही आणा. आमटी दोन पळ्या.' भाचेबुवांच्या मते हा शाश्वत विकासावरचा थेट घाला आहे आणि त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढायची आहे. अर्जाचा मसुदा आमच्याकडे तपासायला आलाय. एका बाजूला छापलेला, चार प्रतींत.