न खाल्लेला भात

स्वयंचलित इन्सुलिन पंप या नावातील ‘स्वयंचलित’ हे विशेषण लग्नपत्रिकेतील ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीच्या जातकुळीचे असून, ते शब्दशः घेणारा मनुष्य पहिल्याच आठवड्यात अडचणीत येतो. टाइप 1 मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन तयार करणे जवळजवळ थांबवते, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते; पंप ते त्वचेखाली बसवलेल्या बारीक नळीतून दिवसरात्र थोडेथोडे सोडत राहतो, त्यास ‘बेसल’ म्हणतात, आणि जेवणासाठी एकदम दिल्या जाणाऱ्या मात्रेस ‘बोलस’. 2016 साली अमेरिकेत ज्या पहिल्या संकरित पद्धतीच्या पंपास मान्यता मिळाली, त्याने या संसाराचा कारभार सेन्सरच्या सांगण्यावर सोपवला: सेन्सर त्वचेखालील द्रवातील साखर दर पाच मिनिटांनी पंपाला कळवतो आणि पंप त्यानुसार बेसल स्वतःच कमीजास्त करतो. ‘संकरित’ अशासाठी, की जेवणाची वर्दी मात्र माणसानेच द्यायची असते, तीही कर्बोदकांच्या ग्रॅममध्ये, आणि शक्यतो पहिल्या घासाच्या आधी.

ही अट घालणाऱ्या अभियंत्यांनी मराठी पंगत पाहिली नसावी. दोन पुरणपोळ्यांचे इन्सुलिन घेऊन बसलेल्याच्या पानात तिसरी ‘अहो, एवढीशी तर आहे’ या युक्तिवादासह पडते. साखर चढू लागलेली पाहून पंप आपल्या परीने इन्सुलिन वाढवतो आणि तेवढ्यात प्रामाणिक पाहुण्याला तिसरी पोळी उशिरा नोंदवण्याची उपरती होते, त्यामुळे एकाच पोळीचे इन्सुलिन दोनदा जाते. मग दीड तासाने, हात थरथरत असताना, त्याच यजमानीणबाईंकडे साखर मागण्याची वेळ येते आणि त्यांना वाटते, पोट भरलेच नाही!

तथापि खरी अडचण पंगतीची नसून स्वभावाची आहे. वीस वर्षे बोट टोचून, वहीत आकडे मांडून स्वतःची साखर सांभाळलेला रुग्ण हा निवृत्तीनंतरही रोज कचेरीत डोकावणाऱ्या हेडक्लार्कसारखा असतो. नव्या माणसाचे काम ठीक चालले आहे हे त्याला दिसते, पटत मात्र नाही. पडद्यावर 190 दिसताच त्याचा हात शिवशिवतो. जलद म्हणवणाऱ्या इन्सुलिनचाही जोर चढायला तास-दीड तास लागतो आणि अंमल त्यापुढेही काही तास राहतो, हे त्याला तोंडपाठ असते. पण पाठ असणे वेगळे आणि पडद्याकडे न बघणे वेगळे. काही पंपांच्या स्वयंचलित अवस्थेत जादा मात्रा मनास येईल तशी देता येत नाही, तेव्हा तो एक जुनी कारकुनी युक्ती योजतो: पंपाला सांगतो, चाळीस ग्रॅमचा भात खाल्ला. पंप बिचारा विश्वास ठेवतो. आधी वाढवलेले बेसल, त्यावर खोट्या भाताचा बोलस, असे दोन्ही मिळून साखर सत्तरीखाली नेतात. पंप आता इन्सुलिन थोपवतो. पण घाबरलेला हेडक्लार्क पूर्वीच्या सवयीने पंधरा ग्रॅम साखर, वर दोन बिस्किटे आणि उरलेला श्रीखंडाचा डबा संपवतो, वास्तविक पुरवठा आधीच थोपवलेला असल्याने पुष्कळदा त्याहून कमी साखरेत भागते. श्रीखंडाची नोंद अर्थातच होत नाही. अशा रीतीने न खाल्लेला भात दप्तरी राहतो आणि खाल्लेले श्रीखंड राहत नाही. (रात्री सेन्सरचा दंड अंगाखाली दबल्याने साखर खोटीच कमी दिसते आणि सगळे घर उठून बसते, तो प्रकार निराळा, त्यात निदान रुग्णाचा हेतू शुद्ध असतो.)

पंप मात्र काहीही विसरत नाही. तीन महिन्यांनी त्याची सारी माहिती डॉक्टरांच्या संगणकावर उतरते आणि आलेखावर बोट ठेवून ते शांतपणे विचारतात, “रात्री पावणेबाराला चाळीस ग्रॅम काय खाल्लंत?” यंत्राशी खोटे बोललो हे कबूल करावे, की खादाड ठरावे, एवढाच पर्याय उरतो. जुना हेडक्लार्क क्षणभर विचार करून मान खाली घालतो, “भात” असे म्हणतो आणि भाताच्या दुष्परिणामांवरील दहा मिनिटांचे व्याख्यान निमूटपणे ऐकून घेतो.