फिनिशिंगराव

वास्तुशांतीच्या पंगतीला गाव जेवायला येतं, फिनिशिंगराव घर तपासायला येतात. दारात चप्पल काढायची, यजमानाला रामराम घालायचा आणि थेट चौकटीवरून अंगठा फिरवायचा. अंगठा कुठं अडखळला की जिभेचा ‘च्च’ असा आवाज निघतो आणि निकाल जाहीर होतो, “काम झालं बरं, पण फिनिशिंग नाही.” यजमानानं त्या घरात तीन हंगामांची मिरची घातलेली असते. हातातली बुंदी त्याला कडू लागते.

फिनिशिंगराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, गावानं ठेवलेलं आहे. आणि ते एकटेही नाहीत. पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातलं मिरचीचं गाव. पावसाळ्यात इथं हिरव्या मिरचीचा बाजार भरतो, आसपासच्या खेड्यांतून टेम्पो भरभरून माल येतो आणि ट्रक परराज्यांच्या वाटेला लागतात. ज्या वर्षी भाव साथ देतो त्या वर्षी आधी देणी फिटतात, मग गाडी बदलते, मग स्लॅब पडतो. स्लॅबखाली सोफा आला की त्या घरात एक फिनिशिंगराव तयार झालाच म्हणून समजा. कांद्याच्या गावात तो कांद्यावर पोसला जातो, उसाच्या गावात उसावर. पीक बदलतं, अंगठा तोच.

आमच्या फिनिशिंगरावांना साक्षात्कार झाला तो नवी मुंबईत. मुलगा पुण्यात नोकरीला. तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीचं भलंमोठं दालन उघडलं, पुढं केव्हातरी मुलानं त्यांना तिथं नेलं. बाणांच्या मागे दिवसभर चालून फिनिशिंगराव एक गाळणी, दोन मेणबत्त्या आणि जगाकडे पाहण्याची नवी दृष्टी घेऊन परतले. पारावर त्यांनी वृत्तांत दिला : तिथली खुर्ची चपट्या खोक्यात मिळते, सोबत एक वाकडी किल्ली असते, घरी आणून आपली आपण जोडायची. गावचा मिस्तरी विडी विझवून ऐकत होता. म्हणाला, “म्हंजे सुतारकी आपणच करायची. मग पैसे कोण कोणाला देतं?”

त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात लूक, थीम, स्पेस आणि मिनिमल हे चार शब्द आले आणि घरातून चाळीस वस्तू गेल्या. ओसरीतली बाज गेली, माठाखालची घडवंची गेली, लोड-तक्के गेले, आजोबांच्या वेळची जातेघरातली मांडणी गेली. “हॉल मिनिमल पाहिजे,” असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एवढंच विचारलं, “मिनिमल म्हंजे सामान कमी न? मग ज्वारीची पोती कुठं ठेवू, तेवढं सांगा.” पोती मागच्या खोलीत गेली. फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, मल्चिंगचे उरलेले रोल, पापडाचे डबे आणि थोरल्या लेकीच्या लग्नात आलेली सगळी भांडीही तिथंच गेली. पाहुण्यांना हॉल दाखवताना फिनिशिंगराव मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभे राहतात. शिष्टाचार म्हणून नव्हे. दार सोडलं तर आतलं सगळं बाहेर येतं.

हॉलचा राजा सोफा. एल आकाराचा, दुधाळ रंगाचा. ज्या गावात आठ महिने धूळ आणि चार महिने चिखल, त्या गावात हा रंग निवडायला धाडस लागतं, आणि ते धाडस निभावायला प्लास्टिकचं आवरण लागतं. दुकानातून आलेलं आवरण अजून निघालेलं नाही. उन्हाळ्यात त्यावर बसलेला माणूस उठतो तेव्हा सोफा त्याला सोडायला तयार नसतो. बरं, सोफा इतका बुटका की जेमतेम चौदा इंच. खुर्चीची बैठक साधारण अठरा इंचांवर का ठेवतात, याचं कारण फिनिशिंगरावांच्या आईला विचारावं. एकदा त्या त्यावर टेकल्या आणि दोन नातवांनी खांद्याला धरून उठवेपर्यंत तिथंच राहिल्या. तेव्हापासून त्या खाली सतरंजीवर बसतात आणि सोफ्याला पाठ टेकतात. आलेगेले पाहुणेही तसंच करतात. एवढ्या पैशात त्यांच्याकडे गावातला सर्वांत महागडा लोड आला.

प्लास्टिकच्या खुर्चीचा फिनिशिंगरावांना मनापासून तिटकारा. “तिला लूकच नाही,” असं म्हणतात. त्या बिचारीचा इतिहास त्यांना ठाऊक नाही. १९७२ मध्ये आंरी मासोने नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं एका साच्यातून एकसंध खुर्ची काही मिनिटांत बाहेर काढून दाखवली. ना सांधा, ना खिळा, ना शिलाई. एकावर एक रचता येते, बादलीभर पाण्यानं धुता येते, लहान पोरगंसुद्धा दोन उचलून आणतं. साखरपुडा, दशक्रिया, ग्रामसभा आणि हरिनाम सप्ताह या चारही ठिकाणी चालणारी दुसरी वस्तू कुठली? आणि खुद्द फिनिशिंगरावांकडे शेतातून थेट चिखलाच्या पायांनी चार माणसं आली की ते दुधाळ सोफ्याकडे एक नजर टाकतात आणि पोराला हाक मारतात, “आरं, अंगणात खुर्च्या टाक. बाहेर हवा चांगली हाये.”

हाच माणूस बाजारात बघावा. गोणीच्या तोंडाशी मांडलेल्या देखण्या मालाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. हात कोपरापर्यंत आत घालतात आणि तळची मूठ बाहेर काढतात. देठ हिरवा आहे की काळवंडला, मिरची वाकवली की कट्‌कन मोडते की नुसतीच लवते, माल आज सकाळी तोडलाय की काल दुपारी, वजन मिरचीचं आहे की पाण्याचं, हे त्यांना अंधारातही कळतं. वरच्या चकाकीवर भाव बोलणारा व्यापारी दिसला की कानात सांगतात, “नवीन दिसतो. बुडणार.”

आणि असा हा तळाचा माल पाहणारा माणूस फर्निचरच्या दुकानात शिरला की त्याचा हात पृष्ठभागाच्या खाली जातच नाही. टीव्ही ठेवायचं कपाट घेताना त्यांनी अंगठा फिरवला, पॉलिशमध्ये स्वतःचा चेहरा दिसला, तो आवडला, आणि सौदा झाला. श्रावणात कपाटाचा तळ फुगला. काकू रोज फरशीवर पाणी टाकून पुसतात, पाण्यानं आपलं काम केलं. मिस्तरीनं येऊन बोटानं टोकरलं आणि निदान केलं, “आतून भुसा हाये, दाबून चिकटवलेला. ढोरांना चारता येत नाही आन् चुलीत घालता येत नाही.” मग त्यानं सांगितलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. चांगल्या प्लायवर भारतीय मानकाचा शिक्का असतो. ३०३ क्रमांकाचा प्लाय नेहमीच्या घरकामाचा, ७१० क्रमांकाचा पाण्याला दाद न देणारा. शिक्का बघायचा तो वर सनमायका चढायच्या आधी. तयार वस्तू घ्यायची असेल तर ती उलटी करायची, मागची फळी बघायची, बिजागरीचे स्क्रू कशात घुसलेत ते बघायचं. “मागची बाजू कोण पाहतं?” फिनिशिंगरावांनी विचारलं. “तुमीच तर पाहता न बाजारात,” मिस्तरी म्हणाला. त्या संध्याकाळी पारावर शांतता होती.

तांब्याचं प्रकरण मात्र याहून मोठं. पाणी देण्यासाठी त्यांनी एक डिझायनर जग आणला. मान लांब, तोंड अरुंद, कान इतका नाजूक की भरल्यावर धरवत नाही. आत हात जात नाही म्हणून घासता येत नाही. घरातले पितळी तांबे मोडीत निघाले. तेव्हा शाळेतल्या एका गुरुजींनी त्यांना गोष्ट सांगितली. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं नामांकित डिझायनर जोडपं इथं आलं. खुर्च्या घडवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. देश फिरून त्यांनी अहवाल लिहिला आणि सुंदर वस्तू म्हणून सगळ्यांत वर बसवला तो आपला लोटा, म्हणजे हाच तांब्या. किती पाणी मावावं, कमरेवर कसा बसावा, डोक्यावर तोल कसा राहावा, धार कशी पडावी, आतून घासता कसा यावा, हाताला कसा लागावा, उन्हात कसा दिसावा, किंमत काय असावी, या सगळ्यांचा हिशेब एका भांड्यात कसा जमला आहे, हे त्यांनी मांडलं. तो कुणा एकानं काढलेला नाही, पिढ्यांनी घडवला, असंही सांगितलं. त्या अहवालातून पुढं १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

फिनिशिंगराव गंभीर झाले. दुसऱ्याच दिवशी मोडवाल्याकडून मोडीच्या दुप्पट भावानं स्वतःचाच तांब्या परत आणला, घासून लखलखीत केला, त्यात वाळलेली फुलं खोवली आणि टीव्हीशेजारी ठेवला. पाणी अजून जगातूनच देतात.

बाजेचंही तेच झालं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात कुणीतरी एक बाज ९९० डॉलरला विकायला काढली होती. ती जाहिरात त्यांच्या मोबाइलवर उशिरा पोचली. तडक शेतात गेले. त्यांच्या बाजेवर शेळीची दोन करडं झोपलेली होती. डॉलरचा हिशेब ऐकून करडं काही उठली नाहीत.

गुरुजींनी शेवटचा घाव घातला तो पॉम्पेईचा. इटलीतलं हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथं हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. वीतभराहून थोडी उंच, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन सेविका. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी ती आरशाची मूठ समजली गेली, पण डोक्यातल्या भोकावरून बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की हा एखाद्या छोट्या टेबलाचा पाय असावा. आणि भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, इथं १९७३ मध्ये उत्खनन झालं तेव्हा तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठं घडली यावर सगळ्यांचं एकमत नाही, पण ज्या गावांची नावं घेतली जातात त्यांत आपल्या तालुक्याचं गाव आहे.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन शेठजींच्या दिवाणखान्यात आमच्या तालुक्यातल्या टेबलाचा पाय मिरवत होता, ही शक्यता ऐकून दुसरा कुणी भारावला असता. फिनिशिंगरावांनी मोबाइलवर फोटो मोठा केला, अंगठा काचेवरून फिरवला आणि विचारलं, “भाव काय लागला असंल?” थोड्या वेळानं पुन्हा फोटो पाहिला. “गुरुजी, पाठीमागूनबी कोरलंय हो.” त्यांच्या तोंडून कुठल्याही कामाबद्दल तक्रार न निघाल्याची गावातली ही पहिलीच नोंद.

त्यांची थट्टा पुष्कळ झाली, आता हक्काचं श्रेयही द्यायला हवं. त्यांच्या अंगठ्याच्या धाकानं गावातले दरवाजे आता फरशीला घासत नाहीत, स्विचबोर्ड तिरके बसत नाहीत आणि मिस्तरी चौकटीला पॉलिशआधी तीनदा कानस मारतो. चांगलं काम आणि वाईट काम यांत फरक असतो, हे मोठ्यानं बोलणारा माणूस गावात एक तरी असावा. त्यांची चूक एवढीच की ते घर पाहुण्याच्या डोळ्यांनी निवडतात आणि राहायला घरच्यांना ठेवतात.

खरी पारख काकूंची आहे, पण त्यांना कुणी वास्तुशांतीला मत विचारत नाही. लग्नात आलेलं लोखंडी कपाट त्यांनी हट्टानं ठेवून घेतलं. गोदरेजनं अशी कपाटं बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली, आणि मराठी घरांत पुढं कुठल्याही कंपनीचं कपाट ‘गोदरेज’च झालं. फिनिशिंगरावांनी त्यावर लाकडी नक्षीचा स्टिकर चिकटवला. काकूंनी कुलूप मात्र जुनंच ठेवलं. नवीन वस्तू दारात आली की त्या पाच प्रश्न विचारतात. खालून झाडू जातो का? एकट्या बाईला सरकवता येते का? धुता-पुसता येते का? सासूबाई त्यावरून आपल्या आपण उठतील का? आणि मोडली तर गावातला मिस्तरी दुरुस्त करील का? कुठल्याही डिझाइन कॉलेजच्या परीक्षेत हेच पाच प्रश्न घातले तरी चालतील.

तेव्हा यंदा भाव चांगला लागला आणि सोफा घ्यायचं मनात आलं तर फिनिशिंगरावांना दुकानात जरूर न्या, पण दारातच आठवण करून द्या की ही मिरची आहे. आणि काकूंना पुढं चालू द्या.